दोन काडेपेट्यांएवढी डबी

"ही बघ," म्हणून ह्यांनी ती डबी सरळ माझ्या पोळपाटावर ठेवली, अर्ध्या लाटलेल्या चपातीच्या शेजारी.

मी म्हटलं, जेवणाच्या वेळी ही ब्याद इथं कशाला? पण डोळे तिच्यावरच गेले. निळ्या रंगाची, कडा घासून गुळगुळीत केलेली, तळहातात मावेल एवढी. वर पायानं दाबायचं एक बटण आणि फिरवायची एक खुंटी. मुंबईहून आलेल्या कुणा गिटारवाल्यानं सांगलीच्या कार्यक्रमात ती वापरली होती आणि ह्यांनी एका दिवसाच्या बोलीवर मागून आणली होती. मी पिठाच्या हातानंच उचलली, कानाशी धरून हलवली, उलटी केली. तव्यावरची चपाती करपली तरी माझं लक्ष नव्हतं.

"आपल्या डब्यांपेक्षा लहान आहे," हे म्हणाले.

त्यांनी सहज म्हटलं असेल, पण मला ते झोंबलं. मी करपलेली चपाती बाजूला टाकली आणि म्हटलं, लहानच करायची ना, ह्याहून लहान करून दाखवते, आधी जेवा.

हे म्हणजे उत्तम खोत. चौऱ्याण्णव सालची गोष्ट सांगतेय मी. तेव्हा जयसिंगपूर, सांगली, इचलकरंजी ह्या पट्ट्यात ऑर्केस्ट्रा ऐकणाऱ्या कुणालाही विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं की गिटार म्हणजे उत्तमदादा. गात नसत, बोलत नसत. स्टेजच्या एका कोपऱ्यात मान खाली घालून वाजवायचे आणि पायाशी माझ्या डब्या असायच्या.

गिटारवाल्यांच्या पायाशी डब्या असतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. गिटारची वायर डबीत जाते आणि डबीतून पुढं स्पीकरकडं. पायानं बटण दाबलं की सूर फाटतो, किंवा घुमतो, किंवा विहिरीत हाक मारल्यासारखा परत परत येतो. पेडल म्हणतात त्याला. आमच्याकडं फाडायची डबी, घुमायची डबी अशीच नावं होती. परदेशी पेडल आमच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून मी पहिली डबी सुपारीच्या पत्र्याच्या डबीत बसवली. ती चालली. मग दुसरी केली, आणि बघता बघता आजूबाजूचे गिटारवाले आमच्या दारात यायला लागले.

मी म्हणजे शालन. लग्नाआधी दोन वर्षं आणि नंतर चार वर्षं मी कोल्हापूरच्या एका टीव्हीच्या कारखान्यात सोल्डरिंगच्या लाइनवर होते. बायकांची बोटं बारीक म्हणून त्या लाइनवर सगळ्या बायकाच घ्यायचे. दिवसाला हजार जोड, आणि एक जोड चुकला की सुपरवायझर सगळ्यांसमोर नाव घेऊन ओरडायचा. कारखाना बंद पडला, पण हाताला लागलेली सवय थोडीच बंद पडते? ह्यांना रेझिस्टर आणि मटकीचा दाणा ह्यांतला फरक कळायचा नाही. कान मात्र देवानं दिलेले. मी जोड द्यायची, हे ऐकायचे आणि म्हणायचे, अजून थोडा खरखरीत पाहिजे. मग मी एक तुकडा काढून दुसरा लावायची. त्यांचे कान आणि माझे हात, असं ते होतं.

आणि एक रीत होती आमची. डबी तयार झाली की आतल्या भागांवरचे नंबर मी ब्लेडनं खरवडून टाकायची आणि वरून दोन नळ्यांतला चिकट रस कालवून, त्यात काजळी मिसळून, डबी काठोकाठ भरायची. काही तासांत त्याचा दगड व्हायचा. नक्कल करायला कुणी झाकण उघडलंच, तर आत नुसता काळा ठोकळा. हा धंदा करणारे बहुतेक जण असं करतात. त्यामुळं डबी दुरुस्त होत नाही हे खरं, पण माझी डबी बिघडतच नाही असा माझा तोरा होता.

डब्या जायच्या ह्यांच्या नावानं. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, दादा, ही तुम्ही केली? तेव्हा हे गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच की. मग ते तसंच पडून गेलं. गिटारवाले घरी यायचे, मी चहा द्यायची आणि माझ्यासमोर ते ह्यांच्या हाताची वाखाणणी करायचे. मिरजेच्या एकानं तर माझ्या बोटावरचा फोड बघून विचारलं होतं, वहिनी, तव्याला हात लागला का? मी हो म्हटलं आणि आत जाऊन भांडी आदळली.

माणूस वाईट नव्हता हो माझा. कधी हात उगारला नाही, कधी ताटावरून बोलला नाही. वैजू, आमची मुलगी, तिची वेणीसुद्धा घालायचे. फक्त एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं की हे काम माझ्या बायकोचं आहे.

तर त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी ताटं उचललीच नाहीत. समोर बसून राहिले. म्हटलं, "करते मी लहान डबी. पण ह्या वेळी नाव माझं घ्यायचं. चारचौघांत, माइकवरून."

हे बराच वेळ बोटानं ताटात रेघा ओढत बसले. मग म्हणाले, लोक हसतील मला. सात वर्षं हा माणूस बायकोच्या जिवावर मिरवला म्हणतील. मी म्हटलं, म्हणू देत, खोटं तर नाही ना म्हणत.  ते उठले, आणि हात धुऊन आल्यावर, पुसता पुसता म्हणाले, "साखर कारखान्याचा कार्यक्रम आहे पंधरा दिवसांनी. तिथं सांगतो. तू पण ये."

मी कधी कार्यक्रमाला जात नसे. ते मला ये म्हणाले, ह्याचाच मला एवढा आनंद झाला की त्या दिवशीची भांडी मी गाणं गुणगुणत घासली.

आता लहान काय करायचं? मुंबईची ती निळी डबी लहान होती खरी, पण तिला करंट देणारा डबा विटेएवढा होता, हे मी नीट पाहून घेतलं होतं. एवढ्या लहान पेडलमध्ये बॅटरी मावत नाही. मग बाहेरून करंट द्यावा लागतो. भिंतीतला करंट जबर, पेडलला लागतो चिमूटभर. तो कमी करायला ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तोच जागा खातो. पेडल लहान करणारे पुष्कळ भेटतील. मी ठरवलं की करंटचीच डबी लहान करायची. दोन काडेपेट्या एकावर एक ठेवल्या की जेवढी होईल तेवढी. तिच्यातून ह्यांच्या तिन्ही पेडलना करंट जाणार, आणि करंटचा सगळा संसार एका शर्टाच्या खिशात.

एका मोडक्या रेडिओतला बोटाच्या पेराएवढा ट्रान्सफॉर्मर माझ्याकडं होता. अॅल्युमिनियमचा पत्रा मापानं कापून वाकवून आणला. आणि बसले. पहिल्या दिवशी बसेना. दुसऱ्या दिवशी सगळं उलटं मांडून पाहिलं, तरी बसेना. तिसऱ्या दिवशी आत सगळं गेलं, पण झाकण अर्धं बोट वर राहिलं. हे शेजारी बसून बघत होते. मला आजही त्यांचा तो आवाज ऐकू येतो.

"शालन, बोटभर मोठी झाली म्हणून काय बिघडतंय? कर की मोठी."

मी म्हटलं, मोठी तर कुणीही करेल. तुम्ही तुमची गिटार बघा.

चौथ्या दिवशी बसलं. झाकणावर दोन्ही अंगठे दाबून धरले, आत काहीतरी बारीक चुरल्यासारखं लागलं, पण स्क्रू धरले. मग झाकण परत न उघडता तळाच्या भोकातून काळा रस ओतला. वाळल्यावर लावून पाहिलं, तर स्पीकरमध्ये घूं नाही की खरखर नाही. हे आडवे पडून, कान स्पीकरला लावून ऐकत होते. उठले आणि माझ्याकडं असे बघायला लागले की लग्नातसुद्धा तसे बघितले नव्हते. कसं बसवलंस, म्हणाले. मी म्हटलं, बायकांची बोटं बारीक असतात.

कार्यक्रम दुपारी चारचा. उसाचा गळीत हंगाम संपला की कारखाना कामगारांसाठी गाण्यांचा कार्यक्रम ठेवायचा. मैदानात धूळ फार, म्हणून टँकरनं पाणी मारलेलं. फळ्यांचं स्टेज, वर कापडी मांडव. मी वैजूला घेऊन बायकांच्यात तिसऱ्या ओळीत बसले. हिरवी साडी नेसले होते. शेजारणीनं विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, कळेल.

मांडवाची वायरिंग आण्णाप्पा मगदूमची. आमच्या भागातल्या सगळ्या लग्नांची, जत्रांची वायरिंग तोच करायचा. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी मोठा, पण ह्यांना दादा आणि मला वहिनी म्हणायचा. कितीदा तरी आमच्याकडं पोहे खाऊन गेलेला माणूस. स्टेजवर हे डब्या मांडत होते तेव्हा तो पक्कड हातात घेऊन त्यांच्याजवळ गेला आणि काहीतरी बोलला. हे हसले आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली. काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. तो सांगत होता की बोर्डाला अर्थिंग नाही दादा, सळई ठोकायला वेळ मिळाला नाही, चालेल का? हे म्हणाले, चालतंय की, कुठं असतंय अर्थिंग?

खोटं नव्हतं ते. बोर्डाला तीन भोकं असतात. तिसरं भोक अर्थिंगचं. करंट कुठं चुकून पत्र्यावर उतरला तर माणसाला न धरता त्यानं वायरीतून जमिनीत जावं म्हणून जमिनीत सळई ठोकून ती वायर आणायची असते. पण आमच्याकडच्या मांडवांत त्या भोकात काही नसायचंच. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विचारत नव्हतं.

दोन गाणी झाली. दुसऱ्या गाण्यात ह्यांनी फाडायची डबी दाबली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. गाणं संपलं. गाणारी मुलगी पाणी प्यायला मागं गेली, आणि हे कोपऱ्यातून निघून तिच्या माइककडं चालत आले. सात वर्षांत मी ऐकलं नव्हतं की हा माणूस माइकजवळ गेला. गिटार गळ्यातच होती, डावा हात तारांवर. वैजू उठून उभी राहिली. मी तिला खाली ओढलं.

हे म्हणाले, "एक सांगायचंय." आवाज माइकमध्ये नीट जात नव्हता. लोकांनी ओरडून सांगितलं, दादा, माइक धरा. ह्यांनी उजव्या हातानं माइकचा दांडा धरला आणि तोंड जवळ नेलं.

पुढचं सांगायला फार नाही. ते बोलले नाहीत. लोकांना आधी वाटलं, लाजले. मान मागं गेली होती आणि हात दांड्यावरून सुटत नव्हता. स्पीकरमधून एकच जाड घरघर येत होती. आण्णाप्पा ओरडत स्टेजवर चढला. बोर्ड मागं कापडाआड होता, तिथं जायला वेळ लागला असता, म्हणून त्यानं समोर दिसलेली करंटच्या डबीची वायर दोन्ही हातांनी ओढली. वायर डबीतून मुळासकट उपटून आली. हे गिटारसकट पडले.

कारखान्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि नुसती मान हलवली.

तिसऱ्या दिवशी घरात बायका बसल्या होत्या. एक म्हातारी माझ्याकडं न बघता, पण मला ऐकू येईल असं म्हणाली, नवऱ्याला खाल्लं. बाई विधवा झाली की कुणीतरी असं म्हणतंच, त्याला फार अर्थ नसतो. सासूबाईंनीच तिला गप्प केलं. पण त्या वाक्यासरशी मी उठून न्हाणीत गेले आणि नळ सोडून बसले.

त्याच दिवशी दुपारी इलेक्ट्रिकचे इन्स्पेक्टर आले, सोबत एक हवालदार. इन्स्पेक्टर वयस्क, सौम्य बोलणारे. बायकांना बाहेर बसवलं आणि कागदाच्या पुडीतून माझी डबी काढून माझ्यासमोर ठेवली. तिच्या तोंडाशी तांब्याचे दोन तुटके केस दिसत होते, बाकी काळा दगड.

ते सावकाश समजावून सांगायला लागले. म्हणाले, बाई, गिटारच्या तारांत करंट आला होता. माइक साउंडवाल्याचा, त्याची लाइन वेगळी, त्याची सळई ओल्या जमिनीत पक्की ठोकलेली. तुमचे यजमान लाकडी फळ्यांवर उभे होते म्हणून दोन गाणी काही झालं नाही. माइक धरला आणि रस्ता पुरा झाला. त्यांचा गिटारचा अॅम्प्लिफायर लाकडी खोक्यातला, जुना, दोन पिनांचा, त्यात दोष नाही, आम्ही तपासला. करंट आला तो ह्या डबीच्या पत्र्यावर उतरून, पेडलच्या वायरींतून तारांपर्यंत. आता प्रश्न एवढाच आहे. डबीत तिसरी वायर, अर्थिंगची, पत्र्याला जोडलेली होती का? जोडलेली असेल, तर दोष मांडवातल्या बोर्डाचा, तिथं अर्थिंग नव्हतं. जोडलेलीच नसेल, तर बोर्डाला अर्थिंग असून काही उपयोग झाला नसता. वायर उपटून आलीय, त्यामुळं मीटर लावायला जागा नाही. आणि फोडली तर ह्याचा चुरा होईल, त्यातून काही वाचता येणार नाही.

मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "ही डबी कुणी बनवली?"

आता सांगते. चौथ्या दिवशी ती डबी कशी बसली ते.

तीन वायरी होत्या. दोन करंटच्या, एक अर्थिंगची. तिन्ही मिळून त्या भोकातून आत घेतल्या की ट्रान्सफॉर्मर तिरका व्हायचा आणि झाकण वर राहायचं. तिसऱ्या वायरीला पत्र्यावर जोडायला एक स्क्रू लागायचा, त्या स्क्रूलाही जागा नव्हती. मी ती वायर डबीच्या तोंडाशी कापली. बाहेरून कळायचं नाही, तीन वायरीची जाड केबल तशीच, टोकाला तीन पिनांचा प्लग. कापताना मला माहीत होतं मी काय कापतेय. कारखान्यात सहा वर्षं काढलेल्या बाईला हे माहीत नसेल? मनात म्हटलं, मांडवात तरी कुठं अर्थिंग असतंय. आणि झाकण दाबताना जे चुरलं, ती करंटची वायर होती, तिच्यावरचं प्लास्टिक पत्र्याच्या कडेला कापलं गेलं असणार. उघडून बघायला हवं होतं. उघडलं असतं तर परत चार दिवस गेले असते. मी काळा रस ओतला.

इन्स्पेक्टर माझ्याकडं बघत होते. हवालदार पेन उघडून बसला होता. बाहेर वैजू कुणाच्या तरी मांडीवर बसून शेंगदाणे खात होती, ते मला दारातून दिसत होतं.

सात वर्षं मी ह्या प्रश्नाची वाट बघत होते. कुणीतरी मला विचारावं, ही कुणी केली, आणि मी सांगावं. झोपेतसुद्धा कितीदा तरी उत्तर दिलं होतं.

मी म्हटलं, "ह्यांनीच केली. ते स्वतः करायचे सगळं."

"तिसरी वायर जोडली होती का, काही बोलले होते?"

"काम पक्कं असायचं त्यांचं," मी म्हटलं. "अर्धवट काही करायचे नाहीत."

हवालदारानं लिहून घेतलं. मी सही केली. इन्स्पेक्टर उठताना म्हणाले, त्यांच्या हातात कसब होतं, एवढ्याशा जागेत हे बसवणं सोपं नाही. मी पदर तोंडाला लावला.

का असं केलं, ते लोकांना नसलं तरी स्वतःला तरी सांगावं लागतं. भीती होतीच. तुरुंगाची, सासूबाईंची, वैजू मोठी होऊन मला काय म्हणेल त्याची. पण खरं सांगू? ह्या सगळ्याच्या आधी मला लाज वाटली ती कामाची. नवरा समोरच्या फोटोत गेला होता आणि मला लाज कशाची, तर माझा जोड चुकला ह्याची. ते मला त्या माणसासमोर म्हणवेना.

आण्णाप्पावर खटला झाला. कारखान्यानं हात वर केले, मांडवाच्या ठेकेदारानं कागद दाखवले, उरला आण्णाप्पा. त्यानं कोर्टात काही नाकारलंच नाही. सळई ठोकली नव्हती म्हणाला, दादांना विचारलं होतं म्हणाला, पण विचारून काय होतंय, काम माझं होतं. मलाही बोलावलं होतं. मी कागदावर लिहिलेलं तेवढंच परत सांगितलं आणि त्याच्याकडं बघितलं नाही. त्याचा परवाना गेला आणि सहा महिन्यांची शिक्षा झाली.

तो आत असताना त्याची बायको बाजारात भाजी विकताना दिसायची. एकदा तिनं माझ्या पिशवीत जबरदस्तीनं मेथीची जुडी घातली आणि पैसे घेतले नाहीत. मी ती जुडी घरी आणली, निवडली, भाजी केली. वैजूनं खाल्ली. मला काही घास उतरला नाही.

सुटून आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी तो आला. सकाळचे अकरा वाजले असतील. वैजू शाळेत, सासूबाई देवळात. दारात उभा राहून त्यानं हाक मारली, वहिनी. मी ओळखलं नाही आधी. केस पार पांढरे झाले होते आणि अंगातला शर्ट दुसऱ्या कुणाचा असावा तसा लोंबत होता. मी आत या म्हटलं. तो उंबऱ्याच्या आत येऊन भिंतीशी जमिनीवरच बसला, खुर्ची दिली तरी घेतली नाही.

पाणी दिलं. ते त्यानं हातात धरून ठेवलं. म्हणाला, आता वायरिंगचं काम करत नाही, वीटभट्टीवर जातो. घरात बटण दाबायचं म्हटलं तरी पोरीला सांगतो. मी विचारलं, पोहे करू? तो नको म्हणाला. 

"मी सळई घेऊन आलो होतो वहिनी," तो म्हणाला. "सायकलला बांधलेली होती. ठोकायला दहा मिनिटं लागली असती. ठोकली असती तर दादा असते आज."

नसते. मला माहीत होतं, नसते. त्यानं दहा सळया ठोकल्या असत्या तरी नसते. माझ्या एका वाक्यानं तो माणूस त्या भिंतीपासून उठून सरळ उभा राहिला असता. वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. जिभेवर आलं होतं.

"दादांच्या हाताला देव होता," तो पुढं म्हणाला. "एवढीशी डबी. ती मी तोडली. माझ्या ह्या हातानं दोन्ही गोष्टी झाल्या. दादा पण गेले आणि त्यांचं काम पण."

"हो," मी म्हटलं. "तसं काम आता कुणी करणार नाही."

ते मी का बोलले, मला आजही सांगता येत नाही. पण बोलले, आणि बोलताना मला एक क्षण बरं वाटलं, हेही खरं आहे.

त्यानं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. दोन्ही हात जोडले. एवढा मोठा माणूस.

"वहिनी, माझा गुन्हा पोटात घाला. एवढंच मागायला आलो."

मी म्हटलं, "घातला."

तो तसाच बसल्या जागेवरून पुढं सरकला आणि त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागं घेतले नाहीत.